अफूचा काटा, अफूच्याच गोळीने

नोव्हेंबर २०२१ मध्ये एनसीबीच्या मुंबई पथकाने नांदेडच्या कामठा भागात छापा टाकला. १११ किलो अफूची बोंडे, सुमारे १.४ किलो अफू, दीड लाखाच्या वर रोकड, बोंडे दळायची विजेवर चालणारी दोन यंत्रे आणि नोटा मोजायचे एक यंत्र, एवढा ऐवज पथकाच्या हाती लागला. त्याच महिन्यात नायगाव तालुक्यातील मांजरम येथे ११२७ किलो गांजा पकडला गेला होता. दोन-चार दिवस बातम्या झाल्या, किलोंचे आकडे मथळ्यात आले आणि विषय मागे पडला.

या बातम्यांत एक गोष्ट मात्र कुणी विचारली नाही. दळायची दोन यंत्रे आणि नोटा मोजायचे यंत्र लागते म्हणजे गिऱ्हाईक रोजचे होते. दुकान बंद झाले, माणसे पकडली गेली. मग जे लोक रोज सकाळी चहाबरोबर चमचाभर भुकटी घेऊन दिवस सुरू करत होते, त्यांचे तिसऱ्या दिवशी काय झाले? पुरवठा तोडणे हे पोलिसांचे काम आहे आणि ते झालेच पाहिजे. पण पुरवठा तुटला म्हणून शरीराची मागणी तुटत नाही. ती तोडण्यासाठी वैद्यकशास्त्राकडे एक औषध आहे. ते जुने आहे, तपासलेले आहे, देशात बनते आणि तरीही मराठवाड्यातल्या बहुतेक घरांनी त्याचे नाव ऐकलेले नाही. त्याचे नाव ब्युप्रेनॉर्फिन.

आधी बोंडाविषयी. अफूच्या झाडाच्या हिरव्या बोंडाला चिरा दिल्या की चीक पाझरतो. तो वाळला की झाली अफू. चीक काढून घेतल्यावर उरलेले वाळके बोंड म्हणजे डोडा किंवा पोस्त. ते दळले की भुकटी. बोंडाच्या पोटातले बी म्हणजे आपली खसखस. अनारशाला लावलेल्या खसखशीने कुणाला व्यसन लागत नाही, तेव्हा दिवाळीच्या ताटाकडे संशयाने पाहायचे कारण नाही. पण बोंडाच्या टरफलात मॉर्फिन आणि कोडीन उरलेले असते, आणि मॉर्फिन म्हणजे ज्यापासून हेरॉइन बनते तेच द्रव्य. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक पट्ट्यांतच, सरकारी परवान्याने अफूची लागवड होते. राजस्थानात पूर्वी डोडापोस्ताची परवानाधारक दुकानेही होती. ती २०१६ पासून बंद झाली. कायद्याच्या भाषेत बोंडांची एक किलोपर्यंतची मात्रा ‘अल्प’ आणि पन्नास किलोंपासून पुढची ‘व्यावसायिक’. नांदेडचा साठा व्यावसायिक मात्रेच्या दुपटीहून जास्त होता.

ही भुकटी घेणारा माणूस ‘गर्दुल्ला’ या शब्दाने डोळ्यांसमोर येणाऱ्या चित्रात बसत नाही. तो पुलाखाली पडलेला नसतो. बऱ्याचदा तो लांब पल्ल्याचा ट्रकचालक असतो, कधी हमाली करणारा, कधी दिवसभर अंगमेहनत करणारा. सुरुवात थकवा जाणवू नये म्हणून होते. पाठदुखी थांबते, झोप लांबते, एक फेरी जास्त होते. पुढे काही महिन्यांत अशी वेळ येते, की भुकटी काम वाढवण्यासाठी घ्यावी लागत नाही, ती घेतल्याशिवाय कामच होत नाही. माणूस कमावतो, पोरांच्या फिया भरतो, लग्नकार्याला येतो, म्हणून घरच्यांनाही वर्षानुवर्षे संशय येत नाही. ‘यांना पोटाचा त्रास आहे, कसलीशी पावडर घेतात’ इतकीच माहिती असते. पोटाचा त्रास खराच असतो. अफूवर्गातल्या प्रत्येक पदार्थाने बद्धकोष्ठ होते.

बोंडाची भुकटी हा या वर्गातला गावरान प्रकार. शहरात तेच काम ब्राऊन शुगर करते. मेडिकलमधून मिळवलेल्या ट्रामाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध हे त्याचेच भाऊबंद. ट्रामाडॉलचा गैरवापर इतका वाढला, की एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने ते अमली पदार्थविरोधी म्हणजे एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आणले. दिल्लीच्या ‘एम्स’ने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे दोन टक्के भारतीय अफूवर्गातला कोणता ना कोणता पदार्थ घेतात. त्यातल्या सुमारे ७७ लाख लोकांना या वापरामुळे मदतीची गरज आहे. या ७७ लाखांपैकी निम्म्याहून अधिक लोक ज्या आठ राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्राचे नाव आहे.

तिसरा दिवस

रोजची मात्रा चुकली की साधारण बारा ते चोवीस तासांत जांभया सुरू होतात. डोळ्या-नाकातून पाणी गळते, अंगावर काटा येतो, घाम फुटतो. मग हाडे मोडल्यासारखे पाय दुखतात, पोटात कळा येतात, जुलाब लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळे शिगेला पोचते. झोप तर आठवडाभर येत नाही. मुंबई-पुण्याचे गर्द ओढणारे याला ‘टर्की’ म्हणतात. दारू एकदम सोडल्याने जसे फिट येऊन, भ्रम होऊन जीव जाऊ शकतो तसे इथे सहसा होत नाही. पण ज्याला हे होत असते त्याला मरण बरे वाटते, आणि चमचाभर भुकटीने हे सारे अर्ध्या तासात थांबणार आहे हेही त्याला पक्के ठाऊक असते. अशा वेळी ‘मनावर घे, सुटेल’ हा सल्ला देणे सोपे असते.

हे असे का होते याचा उलगडा १९७३ मध्ये होऊ लागला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सोलोमन स्नायडर यांनी मेंदूत अफूवर्गीय द्रव्ये जिथे जाऊन बसतात त्या जागा दाखवून दिल्या. शास्त्रीय भाषेत त्यांना रिसेप्टर म्हणतात, मराठीत ग्राही. अफू खाण्यासाठी निसर्गाने मेंदूत जागा कशाला ठेवल्या असतील? उत्तर दोन वर्षांत मिळाले. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी १९७५ मध्ये दाखवले, की मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करतो. ठेच लागल्यावर वेदना थोड्या वेळाने बोथट होतात, त्यामागे ही घरची अफू असते. बाहेरून रोज भरमसाट माल येऊ लागला की मेंदू या साऱ्या व्यवस्थेची फेरमांडणी करतो. त्या जागा बोथट होतात आणि त्याच परिणामासाठी जास्त मात्रा लागते. मग बाहेरचा पुरवठा थांबला, की दुखणे दाबायला, पोट सांभाळायला, झोप आणायला घरचे काहीच पुरत नाही. ही फेरमांडणी पूर्ववत व्हायला महिने लागतात, काहींना वर्षे.

एसटीतली जागा

या उपचारात वापरली जाणारी तीन औषधे समजून घ्यायला एसटी बरी. समजा, मेंदूतला ग्राही ही एसटीतली बसायची जागा आहे आणि हेरॉइन किंवा बोंडातले मॉर्फिन हा धिंगाणा घालणारा प्रवासी. तो येतो, दणकून बसतो, गोंधळ घालतो, चार-सहा तासांत उतरून जातो. रिकामी जागा मग पुढच्याला हाका मारू लागते.

पहिले औषध मेथाडोन. हाही पूर्ण वजनाचा प्रवासी, पण लांब पल्ल्याचा आणि शांत. सकाळी बसला की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उठत नाही, त्यामुळे चढ-उतार नाहीत. मात्र वजन पूर्ण असल्याने मात्रा चुकली तर तो जीवघेणा ठरू शकतो, म्हणून ते रोज केंद्रात डोळ्यांदेखत पाजले जाते. दुसरे औषध नॅलट्रेक्सोन. हा प्रवासीच नाही, हा खिडकीतून टाकलेला रुमाल. जागा धरलेली, बसलेले कुणी नाही. वरून कुणी भुकटी खाल्ली तरी तिला जागा मिळत नाही, म्हणजे नशा चढत नाही. पण रुमालाने ओढ शमत नाही, आणि बरेच जण दोन-तीन आठवड्यांत गोळी बंद करतात.

ब्युप्रेनॉर्फिन या दोघांच्या मधले. तो जागेवर असा घट्ट बसतो, की हेरॉइनने धक्के दिले तरी हलत नाही. पण त्याचे वजन अर्धेच. शरीराला ‘जागा भरली आहे’ एवढे कळते, त्यामुळे जांभया, कळा, तळमळ थांबते. डोके मात्र ठिकाणावर राहते. याहून महत्त्वाचा गुण म्हणजे त्याच्या परिणामाला छत आहे. अफूवर्गातल्या पदार्थांनी माणूस मरतो तो श्वास मंदावून. हेरॉइनची मात्रा वाढवत गेले तर श्वास मंदावत मंदावत थांबतो. ब्युप्रेनॉर्फिनची मात्रा एका मर्यादेपलीकडे वाढवली तरी श्वासावरचा परिणाम तेवढाच राहतो. हे कवच एकाच गोष्टीने फुटते. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या, तर तेच सुरक्षित औषध धोक्याचे होते. छत्रपती संभाजीनगरात ‘बटन’ नावाने ज्या गोळ्या चोरून विकल्या जातात, त्या याच झोपेच्या वर्गातल्या. त्यामुळे रुग्णाने डॉक्टरांपासून लपवायची शेवटची गोष्ट कोणती असेल, तर ती ही.

गंमत अशी, की हे औषधही अफूच्याच झाडातून येते. अफूतल्या थिबेन नावाच्या द्रव्यापासून ते १९६६ मध्ये इंग्लंडमधील हल शहरात रेकिट अँड कोलमन कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. ही कंपनी आपल्या घरात डेटॉल आणि रॉबिन निळीच्या रूपाने येऊन गेली आहे. त्यांना हवे होते ते व्यसन न लावणारे वेदनाशामक. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेतील डोनाल्ड जॅसिन्स्की यांच्या अभ्यासाने व्यसनाच्या उपचारासाठी त्याचा उपयोग होईल असे सुचवले. अमेरिकेने या कामासाठी त्याला मंजुरी दिली ती २००२ मध्ये. भारतात त्याआधी जवळपास दशकभर ते व्यसनमुक्तीसाठी वापरले जात होते, ही फारशी न सांगितली जाणारी गोष्ट. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

गोळी गिळायची नसते. गिळली तर यकृत तिचा बहुतेक भाग पहिल्याच फेरीत निकामी करते. ती जिभेखाली ठेवून पाच-दहा मिनिटे विरघळू द्यायची, तोवर बोलायचे नाही, पाणी प्यायचे नाही, तंबाखूचा बार तर नाहीच. परिणाम दिवसभर टिकतो.

वीस आणि वीस

औषधाने खरेच फरक पडतो का, याचे सर्वांत बोलके उत्तर स्वीडनमधल्या एका लहानशा अभ्यासात आहे. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध झाला. हेरॉइनच्या आहारी गेलेले चाळीस जण. वीस जणांना वर्षभर रोज ब्युप्रेनॉर्फिन दिले. उरलेल्या वीस जणांना सहा दिवस उतरत्या मात्रेत तेच औषध देऊन मग तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. समुपदेशन, गटचर्चा, डॉक्टरांच्या भेटी दोन्हीकडे सारख्या. वर्षअखेर पहिल्या गटातले पंधरा जण उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही टिकला नाही, आणि त्यातले चार जण मरण पावले. पहिल्या गटात मृत्यू शून्य. अभ्यास लहान, पण पुढे मोठ्या पाहण्यांनीही हेच दाखवले. अनेक देशांतल्या नोंदी एकत्र करून २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या विश्लेषणात ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना दर हजार रुग्ण-वर्षांमागे मृत्यू ४.३ होते, उपचार सुटल्यावर ९.५. मेथाडोनबाबत हेच आकडे ११.३ आणि ३६.१. फ्रान्सने १९९० च्या दशकाच्या मध्यावर नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांना ही गोळी लिहून द्यायची मुभा दिली. १९९५ ते १९९९ या काळात तिथले अतिमात्रेचे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी कमी झाले.

स्वीडनमधला तो दुसरा गट आपल्याकडे ओळखीचा वाटायला हवा. सात-दहा दिवस ‘शरीर साफ’ करायचे, मग समुपदेशन, मग निश्चयावर सोडून द्यायचे, हीच आपली रूढ पद्धत आहे.

मराठवाड्यात व्यसन सोडण्याची स्वतःची एक रीत आहे. गळ्यात तुळशीची माळ घालायची, पंढरीची वारी धरायची आणि बाटलीला हात लावायचा नाही. माळेने अनेक घरे सावरली आहेत. नवे मित्र, नवा दिनक्रम, गावासमोर दिलेला शब्द, याची ताकद कुठल्याही गोळीत नाही. पण अफूच्या बाबतीत हीच रीत एकटी वापरली तर एक जीवघेणा सापळा तयार होतो. महिना-दोन महिने अफूपासून दूर राहिलेल्या शरीराची सवय मोडलेली असते. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आलेला माणूस एका वाईट संध्याकाळी पुन्हा वळतो आणि हात नकळत जुन्याच मात्रेकडे जातो. पूर्वी जी मात्रा रोजची होती, ती आता श्वास थांबवायला पुरेशी ठरते. सुटका झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वाधिक धोक्याचे असतात, हे जगभर दिसून आले आहे. बोंडाच्या भुकटीत हा धोका हेरॉइनपेक्षा कमी. पण भुकटी मिळेनाशी झाल्यावर ब्राऊन शुगर किंवा इंजेक्शनकडे वळलेल्यांना तो पुरेपूर लागू होतो.

महाराष्ट्राला अफूवर्गीय व्यसनाची पहिली ठळक ओळख झाली ती १९८० च्या दशकात, गर्दच्या रूपाने. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांच्यासह, पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने, पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, आजारी आहे, ही गोष्ट मराठी वाचकाच्या मनात रुजवण्याचे मोठे श्रेय या कामाला जाते. आजार म्हटले खरे, पण आजाराला रोजचे औषध असू शकते हा पुढचा टप्पा आपण अजून मनाने गाठलेला नाही. रक्तदाबाची गोळी बारा वर्षे घेणाऱ्याला कुणी ‘गोळीचा गुलाम’ म्हणत नाही.

गोळी कुठे आहे?

देशात अशा उपचाराची सरकारी केंद्रे उभी राहिली ती मुख्यतः एचआयव्हीच्या भीतीने. एकच सुई वापरून नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्ही झपाट्याने पसरतो, म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने म्हणजे ‘नॅको’ने २००७-०८ पासून ब्युप्रेनॉर्फिन देणारी केंद्रे चालवायला घेतली. ती साहजिकच इंजेक्शन घेणारे जिथे जास्त तिथे गेली : ईशान्येकडील राज्ये, पंजाब, दिल्ली-मुंबईसारखी शहरे. मेथाडोनचा प्रयोग २०१२ च्या सुमारास देशात मोजक्या ठिकाणी सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातून मुंबईचे केईएम रुग्णालय होते. या आखणीत चहाबरोबर भुकटी खाणारा कुठे बसतो? तो सुई वापरत नाही, म्हणून एचआयव्हीच्या यादीत नाही. तो रस्त्यावर पडत नाही, म्हणून पोलिसांच्या यादीतही नाही.

पंजाबने निराळा मार्ग धरला. ऑक्टोबर २०१८ पासून तिथे सरकारी बाह्यरुग्ण केंद्रांचे जाळे उभारले गेले. दाखल व्हायची सक्ती नाही. नाव नोंदवायचे, जिभेखालची गोळी घ्यायची आणि कामावर जायचे. स्थिर झालेल्याला पुढे काही दिवसांच्या गोळ्या घरी नेता येतात. लाखो लोक तिथे नोंदले गेले. गोळ्या बाहेर विकल्या जाण्याच्या तक्रारी झाल्या, त्यावरून वादही झाले. तरीही शेतकरी, ड्रायव्हर, मजूर असा रोज खाडा परवडत नसलेला माणूस उपचारात येऊ लागला, हे त्या राज्याचे श्रेय. सचखंड एक्सप्रेसने नांदेड आणि अमृतसर जोडलेले आहेतच. हा अनुभवही त्याच गाडीने इकडे यायला हरकत नव्हती.

नांदेडच्या विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. उपचाराचा पहिला दरवाजा अशा महाविद्यालयांतल्या मानसोपचार विभागाचा, किंवा जिल्ह्यातल्या मानसोपचारतज्ज्ञाचा. ही गोळी एनडीपीएस कायद्याखाली येते. ती मेडिकलमधून सहज मागून आणायची वस्तू नाही. खरी अडचण अंतराची आहे. उपचाराचे सुरुवातीचे दिवस रोज, निदान दिवसाआड जावे लागते. क्षयरोगात ‘डॉट्स’ची गोळी समोर उभे राहून घ्यावी लागे, तसेच. किनवटहून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, देगलूरहून ऐंशीच्या आसपास, उदगीरहून लातूर साठ-पासष्ट. रोजंदारी बुडवून, एसटीचे भाडे भरून कोण किती दिवस येईल? क्षयाची गोळी आपण आशाताईंच्या हातून गावापर्यंत नेली. या गोळीला उपजिल्हा रुग्णालयापर्यंत तरी नेता येणार नाही, असे कुठल्या शास्त्रात लिहिलेले नाही.

‘एक नशा सोडून दुसरी लावली’ हा आक्षेप घरातून हमखास येतो. ‘डॉक्टरसाहेब, ही गोळी बंद कधी व्हायची?’ असे बायको विचारते, आई विचारते. प्रश्न चुकीचा नाही. ब्युप्रेनॉर्फिनचीही शरीराला सवय होते आणि ती एकदम बंद केली तर त्रास होतो, हे झाकून ठेवू नये. फरक दिनक्रमात दिसतो. भुकटी घेणाऱ्याचा दिवस पुढची पुडी कुठून आणायची यात जातो. नीट मात्रेवर असलेला माणूस सकाळी गोळी घेऊन विसरतो. गाडी चालवतो, हिशोब ठेवतो, पोरांशी बोलतो. दुष्परिणाम आहेत : बद्धकोष्ठ, डोकेदुखी, घाम, सुरुवातीला गुंगी. गोळी पाण्यात विरघळवून टोचून घेणारेही आहेत. त्याला आळा म्हणून तिच्यात नॅलॉक्सोन मिसळतात. नॅलॉक्सोन जिभेखालून जवळजवळ शोषलेच जात नाही, पण टोचले तर अफूचा परिणाम तत्काळ उतरवून तळमळ आणते. अतिमात्रेने श्वास थांबत आलेल्याला दवाखान्यात जे इंजेक्शन देऊन परत आणतात, तेही नॅलॉक्सोनच.

किती दिवस, याचे ठरलेले उत्तर नाही. वर्षभराच्या आत घाईने बंद केलेल्यांत पुन्हा वळणारे खूप. आयुष्य स्थिरावले, कामधंदा लागला, जुने वर्तुळ सुटले, की डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा महिनोन्‌महिने हळूहळू उतरवत नेतात. काहींना ती अनेक वर्षे लागते. गरोदर स्त्रीने तर अफूवर्गीय पदार्थ एकदम तोडूच नयेत. तिच्यासाठीही मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवणे हाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

एक गैरसमज मात्र वेळीच दूर व्हायला हवा. ही ‘नशामुक्तीची गोळी’ सगळ्या नशांवर नाही. एप्रिल २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यात रोहिणा गावी महसूल गुप्तचर संचालनालयाने मेफेड्रोन बनवणारा कारखाना उघडकीस आणला. नांदेड-लातूर महामार्ग क्रमांक ३६१ या चाकूर तालुक्यातूनच जातो. मेफेड्रोन म्हणजे ‘एमडी’ हे मेंदूला चेतवणारे द्रव्य. त्याच्या जागा वेगळ्या, घातपात वेगळा. त्याची जागा धरून बसणारा असा शांत प्रवासी वैद्यकशास्त्राला अजून सापडलेला नाही. तिथे समुपदेशन, मानसोपचार आणि लक्षणांवरची औषधे हाच मार्ग. गांजाचेही तसेच. त्यामुळे माणूस नेमके काय घेतो हे कळल्याशिवाय उपचार ठरत नाही.

‘रुग्णाला न सांगता नशा सोडवा’ अशा पावडरींच्या जाहिराती भिंतींवर आणि मोबाइलवर भरपूर दिसतात. जेवणात कालवून द्यायच्या या प्रकारापासून दूर राहिलेले बरे. भुकटी किंवा ब्राऊन शुगर अंगात असलेल्या माणसाच्या पोटात नकळत नॅलट्रेक्सोन गेले, तर मिनिटांत भयंकर तळमळ, उलट्या-जुलाब सुरू होतात. डॉक्टरांनी दिलेले ब्युप्रेनॉर्फिनही चुकीच्या वेळी घेतले तर असेच होते : घट्ट बसणारा नवा प्रवासी आधीच्या पूर्ण वजनाच्या प्रवाशाला हुसकावून बसतो आणि परिणाम एकदम घसरतो. म्हणून पहिली गोळी तळमळ सुरू झाल्यावरच, सहसा शेवटच्या मात्रेनंतर बारा ते चोवीस तासांनी देतात. हे ठरवायला रुग्णाने खरी वेळ सांगावी लागते, म्हणजे तो राजी असावाच लागतो.

राजी होण्यात पोलिसांची भीती आड येते. एनडीपीएस कायद्यातच, कलम ६४-अ मध्ये, अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला, तर त्याच्यावर खटला चालवू नये अशी तरतूद आहे. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. विक्रेत्याला ती नाही. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित आजार मानसिक आजारांत धरले आहेत. त्यामुळे व्यसनमुक्ती केंद्रात साखळीने बांधून ठेवणे हा उपचार नव्हे, कायद्याने बंदी असलेली गोष्ट आहे. नातेवाइकाला दाखल करण्यापूर्वी केंद्राची नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतात का आणि अफूवर्गीय व्यसनासाठी कोणते औषध देतात, हे विचारण्याचा घरच्यांना पूर्ण हक्क आहे. तिसऱ्या प्रश्नाला ‘आमच्याकडे औषध लागत नाही’ असे उत्तर आले तर दुसरा दरवाजा पाहावा.

पहिल्या भेटीला जाताना घेत असलेली भुकटी, गोळी किंवा सिरपचे नाव, रोजची मात्रा, शेवटची मात्रा कधी घेतली ती वेळ, आणि दारू किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचीही माहिती सोबत असावी. यकृताचा जुना आजार, दमा, गर्भारपण हे आठवणीने सांगावे. उपचार सुरू झाल्यावर दात काढायला, शस्त्रक्रियेला किंवा अपघातानंतर कुठेही गेले तरी ‘ब्युप्रेनॉर्फिन चालू आहे’ हे तिथल्या डॉक्टरांना सांगावे, कारण नेहमीची तीव्र वेदनाशामके या गोळीवर नीट चालत नाहीत. गोळ्या घरात असतील तर त्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलूपबंद जागी ठेवाव्यात. मोठ्यांना जपणारे ते ‘छत’ लहान मुलाला पुरत नाही. एका गोळीनेही त्याचा श्वास मंदावू शकतो. असे झाले किंवा मोठ्या माणसाचे ओठ निळे पडून श्वास संथ झाला, तर थेट १०८. व्यसनमुक्तीच्या माहितीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेलिमानस १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.